न निघालेली धसकटं

मला राग लवकर येतो, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. पण चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात मी यशोदावहिनींवर ओरडलो, ते मला अजून बोचतं.

पाच वर्षं मला एकच वेड लागलं होतं. ज्वारी दरसाल पेरावी लागते. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उगवणारा बरू हा गवताचा प्रकार मात्र कोणी न पेरता, कितीही उपटला तरी, येतोच. दोघं एकाच कुळातले. मग मी सकाळी सकाळी ज्वारीच्या फुलातले केसर सुईनं काढायचो आणि वर बरूचे पराग झटकायचो. एकदा पेरली की वर्षानुवर्षं मुळातून फुटेल अशी ज्वारी मला हवी होती. दरसाल नांगर नको, बियाणं नको, आणि पावसात माती वाहून जायला नको. लोक मला ‘बरूवाले महादेवराव’ म्हणत. म्हणोत बापडे!

त्या साली आर्वीच्या वाटेवरच्या वावरात असे साठ ठोंब आले. कणसं कापून कोणत्या ठोंबाला किती दाणा आला ते मी वहीत लिहिलं आणि धसकटं मुद्दाम राखली. कोणतं मूळ जगतं, एवढंच आता पाहायचं होतं. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण लोक आणखी हसले असते.

आणि मी भाचीच्या लग्नाला हिंगणघाटला गेलो. चौथ्या दिवशी येऊन पाहतो तर वावर लख्ख साफ!

आमच्याकडे ज्वारी निघाली की बाया धसकटं उपटून चुलीला नेतात. विचारायची रीत नाही. उलट होळीपर्यंत ज्याच्या वावरात धसकटं दिसतील, तो आळशी ठरतो. विहिरीवर बायांनी दिराला नावं ठेवलेली वहिनींना सहन झाली नाहीत. मी घरी नाही हे पाहून त्यांनी दोन सकाळी एकटीनं सगळं उपटलं होतं. मला बरं वाटावं म्हणून.

मी त्यांच्या अंगणात उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. पाच वर्षं चुलीत घातली म्हणालो. थोरल्या भावजयीला असं बोलतात का? वहिनींनी पदर सावरला. मग त्यांनी हाताचे फोड दाखवले.

“सारी नाई निघाली, भाऊजी. चार जागी खुरपं वाकलं. खाली अद्रकावानी गाठी हायेत. मंग वरूनच कापून टाकली.”

अशा गाठी बरूच्या मुळाला असतात, ज्वारीच्या नाही! माझा राग कुठल्या कुठे पळाला. कुठं, म्हणून मी ओरडलो, आणि उत्तर यायच्या आत वावराकडे धावत सुटलो. वहिनी मागून आल्या आणि सरळ एकेका जागी जाऊन उभ्या राहिल्या. राबणारी बाई कुठं अडली ते विसरत नाही.

मी हातांनी माती उकरली. वर कोरडी ठणठणीत जमीन, आणि खाली पांढऱ्या गाठी! गाठीगाठीला हिरवे कोंब! चारही जागी! मी लहान पोरासारखा हसायला लागलो.

घरी येऊन वही उघडली. त्या चारांतल्या तिघांना दाणा जवळपास नव्हताच, निव्वळ गवत. चौथा म्हणजे तिसऱ्या ओळीतला सतरावा. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं : ओंजळभर, टपोरा. मूळही जिवंत आणि दाणाही! वहिनींना वाचता येत नाही हे विसरून मी ते पान त्यांच्यापुढे धरलं.

जे मी पावसाळ्यापर्यंत वाट पाहून ओळखणार होतो, ते या बाईनं दोन सकाळी हातानं ओळखलं होतं. वहिनी, माझं चुकलं, असं मी म्हणालो. ते त्यांनी कानाआडच केलं.

“पुढच्या साली किती लावता?” त्यांनी विचारलं.

दोनशे तरी, मी म्हणालो.

“मंग उपटाले मलेच बोलवा. जे नाई निघन, ते आपलं.”