गुडघाभर वारा

मी एक झोळी बोलतेय. पाळण्याची नव्हे, पाठीवरची. आमच्याकडे बायका मूल पाठीवर घेतात आणि जिची गाठ छातीवर मारतात, ती मी. जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्हाला सांगितल्यावर तरी बसतो का बघते.

जन्माने मी डोंगरातल्या बुटेंबो गावच्या बाजारातलं सहा वार छापील कापड. पिवळ्या रंगावर निळे मासे. मुहिंदोने लग्नात मला आपल्या नवरीसाठी, मासिकासाठी घेतलं. शिंप्याने माझ्यातून तिचा झगा शिवला आणि उरलेला तुकडा तिच्या हातात देत म्हणाला, "हा जपून ठेव. वर्षभरात लागेल." मासिका लाजली. शिंप्याचं म्हणणं खरं ठरलं. दहाव्या महिन्यात तिला मुलगा झाला, उशिंदी, आणि मला काम मिळालं.

काय गोड ओझं होतं ते! दात यायला लागले तसा तो माझा काठ चघळत बसे. त्या काठाची पार चिंधी केली त्याने. पण मला कधी राग आला नाही.

मग त्यांच्या डोंगरात बंदुका आल्या आणि ती तिघं गोमा शहराजवळ येऊन राहिली. मुहिंदो शहरात मजुरीला जाई. ज्वालामुखीच्या पायथ्याशी, काळ्या खडकांमध्ये मासिकाला घेवडा लावायला एक तुकडा मिळाला. शेजारचा तुकडा मामा व्हेरोनिकचा; आमच्याकडे 'मामा' म्हणजे आई. बकऱ्या पाळणारी, तोंडाने फटकळ बाई. पहिल्याच दिवशी तिने बजावलं.

"मामा उशिंदी, तो नेच्याने भरलेला खळगा दिसतोय ना? तिकडे पोराला न्यायचं नाही. तिथे माझुकू आहे."

"म्हणजे काय?"

"दुष्ट वारा. जमिनीतून येतो. दिसत नाही, वास येत नाही. माझ्या दोन बकऱ्या खाल्ल्या त्याने."

"त्याने खाल्ल्या की शेजाऱ्यांनी?" मासिका हसली.

"हस बाई, हस. तुम्हा डोंगरातल्या लोकांना सगळंच कळतं."

मासिका ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सरळ त्या खळग्यात उतरली. उशिंदी पाठीवर, मी त्याच्याभोवती. तिने छाती भरून श्वास घेतला. एकदा, दोनदा, दहादा. "मेले का मी?" ती स्वतःशीच म्हणाली. "बकऱ्यांना साप चावला असेल." मीसुद्धा तिच्याबरोबर हसले. तेव्हाचं ते हसू आठवलं की आज लाज वाटते.

कारण तो वारा होताच. ज्वालामुखीच्या पोटातून फटीफटीने वर येणारा, हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा खळग्यात साचतो. त्या दिवशी तो गुडघाभर होता आणि मासिका उभी होती.

तिच्या गावी मूल झोपलं की बांधाच्या सावलीत ठेवायचं आणि कुदळ हातात घ्यायची. तिच्या आईने तिलाही असंच वाढवलं होतं. इथे त्या खळग्याखेरीज सावली नव्हती. तिने मला नेच्यावर अंथरलं आणि उशिंदीला माझ्यावर निजवलं. तीन दुपारी काही झालं नाही. दुपारी जवळच्या मोठ्या तळ्यावरून वारा सुटतो आणि खळगा धुऊन निघतो, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

चौथ्या दिवशी ती सकाळीच आली. पान हलत नव्हतं. उशिंदी झोपलेलाच होता. तिने त्याला ठेवलं आणि वर जाऊन खणायला लागली.

त्याचा श्वास आधी जोरजोरात चालला. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल. मग श्वास मंद होत गेला. माझ्या काठाशी एक टोळ पाय वर करून पडला होता. तो मला दिसला, पण मला ओरडता येत नाही. आणि उशिंदी रडलाच नाही हो. एकदाही नाही.

तेवढ्यात मामा व्हेरोनिक बकऱ्या घेऊन आली.

"आज कसा शहाण्यासारखा झोपलाय!" मासिका कौतुकाने म्हणाली. "एरवी दोन ओळी खणू देत नाही."

"कुठे ठेवलायस?"

"तिथे, सावलीत."

व्हेरोनिक किंचाळली. मासिका धावत सुटली. "वाकू नकोस!" व्हेरोनिक मागून ओरडत होती, "मासिका, वाकू नकोस!"

पण लेकरू उचलायला न वाकणारी आई कुठे असते? ती वाकली, एक श्वास घेतला आणि माझ्यावरच कोसळली.

व्हेरोनिक श्वास कोंडून उतरली. ताठ उभं राहून तिने कुदळीने मला ओढलं. मी टरकन फाटले, पण उशिंदीला सोडलं नाही. शेजारची माणसं आली, त्यांनी मासिकाला पाय धरून बाहेर काढलं. ती ओकली, डोळे उघडले आणि म्हणाली, "उठला का तो?"

व्हेरोनिकने त्याला तसाच निपचित तिच्या मांडीवर ठेवला. उशिंदीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

मला त्याच्याबरोबर पुरतील असं वाटलं होतं. पण व्हेरोनिकने मला मासिकाकडून मागून घेतलं. "मी नुसतं तोंडाने सांगितलं," ती रडत म्हणाली. "खूण म्हणून काहीतरी बांधून ठेवायला हवं होतं गं." तिने खळग्याच्या काठावर काठी रोवली आणि मला त्यावर बांधलं. मासिका रोज शेतात येई, पण माझ्याकडे बघत नसे. उशिंदीचं नाव तर कालपर्यंत तिच्या तोंडून पुन्हा आलं नव्हतं.

काल सकाळी निर्वासितांच्या छावणीतली एक नवी बाई आली. कडेवर वर्षाची मुलगी. "चांगलं कापड वाया घालवलंय," असं पुटपुटत तिने माझी गाठ धरली. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मुलीला खाली नेच्यात ठेवलं.

"लेकराला उचल!" शेतातून आरोळी आली. "आधी लेकराला उचल!"

बाईने दचकून मुलीला हिसकून वर घेतलं. मुलगी खोकली, मग मोठ्याने रडली. मासिका धापा टाकत येऊन पोचली.

"एवढं काय झालं?" बाई चिडली. "मी उभी आहे की इथे! मला कुठे काय होतंय?"

"मीही उभीच होते," मासिका म्हणाली. "माझा उशिंदी आडवा होता."

मग तिने माझी गाठ पुन्हा घट्ट केली.

ऊन-पावसाने मी आता विरत चाललेय. मी गळून पडेन, तेव्हा कुणीतरी दुसरं फडकं इथे बांधा. आणि या खळग्यात खरंच काही आहे का, हे उभं राहून बघू नका.