दुखण्याचा आकडा

पिवळी गोळी ओल्या तळहाताला चिकटून बसली होती. हात उलटा केला तरी पडेना. मसुरीच्या दाण्याएवढी गोळी, रोज सकाळी एक, चोवीस वर्षं... एस्तेर तिच्याकडे बघत मोरीपाशी तशीच उभी राहिली. दहा वर्षांची असताना शाळेत बोटाला सुई टोचून रक्त नेलं होतं, आणि महिन्याभराने दोघी बहिणींच्या नावाची लाल कार्डं घरी आली होती. सिकलसेल, हाडं ठणकवणारा जन्माचा आजार. आईला तो शब्द अजूनही धड म्हणता येत नाही, ती नुसतं ‘रक्ताचं’ म्हणते. एस्तेरचं रक्ताचं. प्रिस्किलाचं रक्ताचं.

डाव्या नडगीत पहाटेपासून ठणकत होतं. दहापैकी किती? — हा प्रश्न आता तिच्या मनात आपोआप उमटायचा, कुणी न विचारता. चार. जिना उतरताना साडेचार. अर्ध्याची सोय तिनेच करून घेतली होती, कारण चार आणि पाच यांच्यामध्ये तिचे कितीतरी दिवस गेले होते.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी विचारलं होतं, “सहा महिन्यांत किती वेळा दुखलं?” आणि तिला सांगता आलं नव्हतं. रोज कुठेतरी काहीतरी दुखतच असतं, त्यातलं मोजायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं? “लिहून ठेवत जा,” डॉक्टर म्हणाले होते. वही दोन आठवड्यांत मागे पडली. मग कामिनीने — तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कामिनीने — सांगितलं की आता एआयला साध्या भाषेत काय हवं ते सांगायचं, तोच ॲप लिहून देतो. एस्तेर नंदुरबारच्या एका कृषी कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर. दिवसभर विहिरी, पिकं, गट नंबर टाइप करायचे. प्रोग्रामिंगचं एक अक्षर येत नव्हतं. पण जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा जुना लॅपटॉप उघडून ती त्याला सांगत गेली. पाणी किती प्यायले ते हवं. ताप हवा. झोप हवी. दुखणं हवं. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं होतं, ‘आपल्या वेदनेच्या तीव्रतेचे मूल्यांकन करा.’ तिने टाइप केलं, असं कुणी बोलत नाही, ‘आज किती दुखतंय?’ असं विचार. त्याने लगेच बदललं. इतक्या चटकन तिचं म्हणणं याआधी कुणी ऐकलं नव्हतं... याचं तिला हसू आलं होतं, आणि हसून झाल्यावर थकवा.

आज कार्यालयात ती पोचली तेव्हा एआयचा कालचा प्रश्न तसाच पडलेला होता. काल उत्तर न देता तिने लॅपटॉपचं झाकण लावलं होतं.

‘दुखणं कितीच्या वर गेल्यास “दवाखान्यात जा” अशी सूचना दाखवायची? शक्यतो हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा.’

एक आकडा. डॉक्टरांना विचारायचं तर पुढच्या महिन्याची तारीख. आणि त्यांना तरी काय ठाऊक, त्यांच्या नडगीत थोडंच... चौतीस वर्षं या हाडांमध्ये मी राहते आहे. मलाच ठाऊक असायला हवं. घरात तर सगळे असंच समजत आले — एस्तेरला कळतं. एस्तेर मोठी, एस्तेर शिकलेली, एस्तेरलाही तेच आहे.

“काय वं एस्तेर, तोंड काबर उतरेल शे?” कामिनीने कपाटातून फाइल काढता काढता अहिराणीत विचारलं.

“काही नाही गं. थंडी आहे ना.”

“पाय दुखी ऱ्हायना ना तुन्हा? घर चालनी जाय. साहेबले मी सांगस.”

“एवढं नाही दुखत.”

एवढं नाही. किती सवयीने आलं ते तोंडून. ती विहिरींची यादी टाइप करू लागली. खोली, व्यास, पाणी किती महिने टिकतं... विहिरींना सगळं विचारलेलं असतं. अकराच्या सुमारास तिने स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. ठणका साडेपाच.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने लॅपटॉप उघडला आणि लिहिलं — आठ. का आठ? सात म्हणजे फार हळवेपणा वाटला, नऊ म्हणजे फार उशीर. क्षणभरात उत्तर आलं, ‘झालं. आठ किंवा त्याहून अधिक असल्यास सूचना दिसेल. एखादी नोंद भरून तपासून पाहता का?’

नोंद. कुठल्या दिवसाची भरावी? तिने तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बोट मागे मागे जात राहिलं, गेल्या आठवड्याच्या, गेल्या वर्षाच्या मागे, नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या त्यांच्या जुन्या घरापर्यंत, बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतल्या एका दुपारपर्यंत — दारात ऊन, भिंतीला टेकून बसलेली प्रिस्किला, गुडघे पोटाशी, शाल दोन पदरी. एकोणीस वर्षांची. “ताई, आज वेगळं आहे.” “वेगळं म्हणजे?” “इथे. श्वास घेतला की टोचतं.” त्या आठवड्यात एस्तेरची स्वतःची कंबर धरली होती, ती कूस बदलतानाही ओठ चावत होती आणि तरी घरातलं करत होती. मलाही होतं, ती म्हणाली होती. मलाही होतं, पाणी पी, पडून राहा. आई दारातून आली, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं — प्रिस्किलाला नाही, एस्तेरला — “तू सांग, गाडी बोलवू का?” आणि एस्तेरने, जिला कळत होतं, सांगितलं, “उद्या सकाळी बघू.”

सकाळी गाडी आली होती. येताना ती वेगात आली, प्रिस्किलाला घेऊन जाताना गाडीला घाई उरली नव्हती.

तारीख भरली. पाणी, दोन तांबे. ताप... कुणी बघितला होता? दुखणं. इथे तिची बोटं थांबली. कितीचं दुखत होतं तुला, प्रिस्किला? तू रडली नव्हतीस. ओरडली नव्हतीस. तेव्हा मी मनात काय धरलं होतं? माझ्यापेक्षा कमी, एवढंच. तिने सहा लिहिलं. ‘साठवा’ दाबलं.

स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. ‘पाणी प्या. पडून राहा. उद्या पुन्हा बघू.’

हे वाक्य त्याचं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनेच सांगितलं होतं, कमी दुखत असेल तेव्हा असं काहीतरी धीराचं दाखव. तिचेच शब्द त्याने जपून ठेवले होते, आणि आता जिला ते पुन्हा ऐकायला नको होते तिलाच...

तिने सहा पुसून पाच केलं, सात केलं. पट्टी हिरवीच. मग मर्यादाच आठवरून सहावर आणली, तर तिचे स्वतःचे गेल्या महिन्यातले अकरा दिवस एका झटक्यात लाल झाले. त्या अकराही दिवशी ती इथे, याच खुर्चीवर बसून विहिरी टाइप करत होती.

शेवटी तिने टाइप केलं, ‘सहा असतानाही माणूस जाऊ शकतं.’

‘तुमचं बरोबर आहे, माझ्या रचनेत ही उणीव राहिली,’ त्याने लिहिलं. ‘छातीत दुखणं, श्वास घेताना टोचणं किंवा ताप असेल, तर दुखण्याचा आकडा न पाहता लगेच दवाखान्यात जायला हवं. तसा प्रश्न सर्वांत आधी जोडतो.’ आणि जोडलाही. आकड्याच्या वर एक छोटी चौकट, तिच्यापुढे एक ओळ. अर्ध्या मिनिटाचं काम. एस्तेर त्या चौकटीकडे बघत राहिली. राग यावा असं तिला वाटलं, कुणावर तरी, पण रागाला लागतं तेवढंही बळ अंगात नव्हतं. माउसवर बोट ठेवून तिने खोल श्वास घेतला, आणि उजव्या बरगडीखाली काहीतरी बारीक टोचलं.

तिने पुन्हा श्वास घेतला, या वेळी जपून. नाही... होतं. सुरुवातीला नव्हतं, आता होतं. की मनाने आणलं? चौकट रिकामीच ठेवून तिने झाकण लावलं.

“कामिनी, मी जाते घरी.”

कामिनीने मान वर केली. उठून तिची पिशवी रिक्षापर्यंत तीच घेऊन आली.

खोलीवर आई दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. एस्तेर चप्पल न काढताच उंबऱ्यावर टेकली. घरी दोघी आपल्या मावची बोलीतच बोलत, आणि मावचीत बोलताना एस्तेरचा आवाज लहान मुलीसारखा बारीक व्हायचा.

“आई, त्या दिवशी प्रिस्किलाला किती दुखत होतं?”

आईचे हात थांबले. बारा वर्षांत हे नाव या दोघींच्यात प्रार्थनेखेरीज आलं नव्हतं.

“किती म्हणजे? दुखत होतं.”

“तू मला विचारलंस. तिला का नाही विचारलंस?”

आईने हातातली शेंग सुपात टाकली. “तिच्या तोंडाकडे बघितलं होतं मी,” ती म्हणाली. “बघितलं, म्हणूनच भ्याले. आणि तू उद्या म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं गं.”

म्हणजे आईलाही... इतकी वर्षं आपण एकटीच त्या दुपारी बसून होतो असं धरून चाललो, आणि आई तिथेच, दारात उभी. एस्तेरला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यासाठी श्वास लागत होता. तिने आईचा हात धरून आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला.

“इथे टोचतंय. दुपारपासून.”

“गाडी बोलवायची का?” आई सवयीने म्हणाली आणि सवयीनेच तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहू लागली.

एस्तेरने भिंतीला डोकं टेकलं. आकडा शोधायची तिच्या मनाची खटपट सुरू झाली, सहा, साडेसहा, आणि मध्येच कुठेतरी बंद पडली.

“मला नको विचारू, आई. आज तू सांग.”

आईने ओला, कच्च्या तुरीचा वास येणारा तळवा तिच्या कपाळावर ठेवला आणि तसाच ठेवला. गल्लीत कुणाची तरी सायकल गेली. एस्तेरने डोळे मिटले. अंगातून काहीतरी हळूहळू सुटत, हलकं होत चाललं होतं. ते आजवर एकटीने वाहिलेलं ओझं होतं की नुसता चढत चाललेला ताप, तिला कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्यालाच कळायला हवं असंही वाटेना.