किल्ल्याला दुसरी वाट नव्हती

इमारतीत माणसे राहायला जाण्यापूर्वी ती राहण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्यात आजोबांचे आयुष्य गेले होते. ते निवृत्त झाले त्या दिवशी ठेकेदारांनी मेजवानी केली. आजोबांना अर्थातच बोलावले नाही. भिंतीत केसाएवढी चीर दिसली तरी ते अख्ख्या इमारतीकडे सासूच्या नजरेने पाहत. पण ठेकेदारांच्या तोंडचे पाणी पळे ते त्यांच्या एका प्रश्नाने : "दुसरी वाट कुठे आहे?" आग लागली, पहिले दार अडले, तर माणसांनी जायचे कुठून? या प्रश्नापायी त्यांनी एक नाट्यगृह उद्घाटनाच्या दिवशीच बंद पाडले होते, आणि खुद्द मुलीच्या लग्नात पाहुण्यांचे स्वागत सोडून सभागृहाची मागची दारे ढकलून पाहिली होती. भिंत सरळ आहे का, हे पाहायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, त्याचे नाव आजींनी त्यांना दिले होते : ओळंबा. ते त्यांच्या पाठीमागे उच्चारण्याची तसदीही आजी घेत नसत.

त्या दिवशी मात्र परीक्षा खुद्द ओळंब्याची होती. नातीला, म्हणजे ठिणगीला, दाराशी सोडताना मुलगी म्हणाली, "बाबा, गेल्या वेळी ही इथून रडत आली. हिच्या चित्रातलं घर वाकडं आहे म्हणालात तुम्ही."

"होतंच ते वाकडं."

"आज हसत आली तर उद्यापासून रोज दुपारी इथे. रडत आली तर पाळणाघर. मी चौकशी करून ठेवलीय."

दार लागले. आजोबांनी घसा खाकरला. निवृत्तीनंतरच्या दुपारी त्यांनी घरातल्या सगळ्या भिंती तपासून संपवल्या होत्या. आता नात तरी हवी होती. पण हे बोलून दाखवणे त्यांना जमले असते, तर ते ओळंबा कसले?

ठिणगीने वेळ दवडला नाही. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून थोड्या अंतरावर सरकवल्या, वर चादर टाकली, तिला कपड्यांचे चिमटे लावले आणि मधोमध झाडू उभा करून आत बसली.

"हा खांब नाही, झाडू आहे," आजोबा म्हणाले.

"तो पहारेकरी आहे."

"भार पेलायचा नाही त्याला. हे बघ." आणि केवळ सिद्ध करण्यासाठी त्यांनी झाडू काढला. छत ठिणगीच्या डोक्यावर आले. चादरीखालून एक हुंदका ऐकू आला.

"पाडलंत?" स्वयंपाकघरातून आजी ओरडल्या. "अहो, निवृत्त झालात ना?"

"रडू नकोस," आजोबा घाईघाईने म्हणाले. "ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही, असा किल्ला बांधून देतो तुला."

आणि त्यांनी तो खरोखरच बांधला. जेवणाच्या टेबलाला इस्त्रीचे टेबल जोडले, कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा बांधला, दोन्ही अंगांना गाद्या उभ्या केल्या, वर तीच चादर ताणून बांधली, पायाशी शब्दकोशांचे खंड रचले. गाठी सगळ्या बाहेरून मारल्या. दाराचे माप ठिणगीला रांगायला लावून टेपने घेतले.

"माझी उशी द्या," आजी म्हणाल्या.

"आता काढता येणार नाही. तिच्यावर भार आहे."

"लग्न झाल्यापासून माझ्यावरही आहे. मी बोलते का?"

ठिणगी आत गेली, चारी बाजूंनी पाहिले आणि बाहेर आली. "पडत नाही हा."

"तेच तर!"

"मग शत्रूने काय करायचं? बघून परत जायचं?"

उभ्या हयातीत कुणापुढेही वादात माघार न घेतलेला माणूस हातातली टेप उगाच आत-बाहेर करू लागला. ठिणगीनेच तोडगा काढला. "आजोबा, तुम्ही आत राजा. मी शत्रू."

राजेसाहेब पोट आवळून, नाक जमिनीला घासत आत शिरले. शत्रूने उलथने परजले, लाथा घातल्या, धावत येऊन धडका दिल्या. किल्ला ढिम्म! शत्रूचा आवाज कापू लागला. "पडतच नाही मेला!"

आता आपणच पाडला पाहिजे, हे आजोबांना उमगले. पण गाठी बाहेर होत्या. ते दारातून निघू लागले, तेव्हा डोके आले; खांदे आले नाहीत. मागे सरकावे तर गुडघा टेबलाच्या पायात अडकला. सगळीकडे चाचपूनही दुसरी फट सापडेना, कारण फट राहू नये म्हणूनच तर त्यांनी एवढी मेहनत घेतली होती.

"ओळंबा आडवा झाला!" आजींनी जाहीर केले. तेवढ्यात घंटी वाजली.

मुलगी आत आली. तिला दिसले ते असे : हातात उलथने आणि डोळ्यांत पाणी घेतलेली लेक, आणि गाद्यांमधून बाहेर आलेले वडिलांचे मुंडके.

"रडतेय ती," मुलगी म्हणाली.

"मी सविस्तर सांगतो," मुंडके म्हणाले.

मुलगी खाली वाकली. किल्ल्याभोवती एक फेरी मारली, गाद्या दाबून पाहिल्या, अगदी ते दाबत तशाच. मग त्यांच्या नाकासमोर उकिडवी बसून तिने अत्यंत गंभीरपणे विचारले, "बाबा, दुसरी वाट कुठे आहे?"

मुंडक्याने डावीकडे पाहिले, मग उजवीकडे.

"ठेवायची राहिली," आजोबा म्हणाले.

आजी पोट धरून खालीच बसल्या.

"आई," ठिणगीने नाक पुसत विचारले, "तू कुणाकडून?"

मुलीने वडिलांकडे पाहिले आणि पर्स बाजूला ठेवली. "शत्रूकडून."

कोपऱ्यातली गाठ तिने ओळखली. लहानपणी तिच्या दप्तराच्या तुटक्या पट्ट्याला बाबा हीच गाठ मारत. एक टोक ओढले की सगळी सुटे. तिने ते ठिणगीच्या हातात दिले. "ओढ."

आधी स्टँड कलंडला, मग इस्त्रीचे टेबल, मग दोन्ही गाद्या धप्पकन राजेसाहेबांवर कोसळल्या. ठिणगी उचकी लागेपर्यंत हसली. ढिगाऱ्यातून एक हात बाहेर आला, मग चष्मा नसलेला चेहरा.

"परत!" ठिणगी ओरडली.

"उद्या दुपारी," तिची आई म्हणाली.

आजोबांनी डोक्यावरची चादर काढली नाही. "उद्या जरा वाकडाच बांधू," ते म्हणाले.

"बांधा," आजी म्हणाल्या, "पण माझी उशी सोडून."