येळवशीचे पाहुणे

महादेवप्पांनी एखादी गोष्ट चारचौघांत बोलून टाकली, की ब्रह्मदेव आला तरी ते मागे घेत नसत. यंदा ते बोलून बसले होते, की येळवशीला, म्हणजे शेतातल्या जेवणाच्या अमावास्येला, दिवस मावळताना वेड्या बाभळीचा ढीग पेटवणार. सगळी भावकी जेवायला होतीच. वर जाळ बघायला फुकट.

बाभळीशी त्यांचे जुने वैर. अक्कलकोटच्या वाटेवरचा त्यांचा चराऊ माळ तिने पार गिळला होता. अर्धा त्यांनी गेल्या वर्षी मोकळा केला, उरलेला यंदा दिवाळीनंतर.

नात सिद्धेश्वरी सोलापुरात कॉलेजला होती आणि प्रोजेक्टसाठी त्याच माळावर सरडे-बेडूक मोजत होती. "मार्कांसाठी सरडं मोजायचं, कलियुग!" म्हणून आजोबा हसायचे. पण उन्हाळ्यात मोकळ्या अर्ध्या माळावर अकरा सरडे दगडादगडावर बसून निळा गळा फुलवताना दिसले, तेव्हा ही सगळी आपल्याच कुऱ्हाडीची करामत, असे त्यांनी गावभर सांगितले.

"अज्जा, बाभळ तोडलात ते झ्याक केलंत," सकाळी सिद्धेश्वरी म्हणाली. "पर ढीग जाळू नका. थंडीत सरडं-बेडकं समदी त्याच्याखाली दडत्यात. पाऊस पडंस्तवर ऱ्हाऊ द्या की."

"आन् भावकीला काय सांगू? नात न्हाय म्हणली?"

"व्हय, सांगा."

"मिशी काढून सांगू का?"

पोरगी अंबिल वाढतानाही आजोबांकडे बघेना. चन्नम्मा आजींची भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ, लई छान झाली होती, पण महादेवप्पांना घास गोड लागेना.

उन्हे कलल्यावर ते काडेपेटी घेऊन निघाले. तोडणाऱ्यांसाठी महिनाभर ढिगाच्या सावलीत पाण्याचा माठ निम्मा पुरून ठेवला होता. तो जाळात फुटायला नको म्हणून त्यांनी उपसला. खाली ओल्या मातीत तीन बेडूक अंग आक्रसून झोपलेले, शेजारी एक सापसुरळी. एका बेडकाने डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिले आणि खुशाल मिटून घेतला.

महादेवप्पांनी काडेपेटी खिशात टाकली. येळवशीला आपल्या रानात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, त्यांनी कधी हाकलले नव्हते. त्यांच्या बापानेही नव्हते. त्यांनी माती सारखी केली आणि माठ होता तसा अलगद टेकवला.

भावकी जमली, तेव्हा ते ढिगापुढे उभे राहिले. "जाळ न्हाय. आत पावनं झोपल्यात."

"कोन पावनं?"

"बेडूक!"

हशा असा पिकला, की झाडावरचे बगळे उडाले. कुणी म्हणाले म्हातारा भ्याला, कुणी म्हणाले नातीने गुंडाळला. महादेवप्पा मिशीला पीळ देत सगळे ऐकून घेत राहिले. सिद्धेश्वरी रडता रडता हसत होती.

शेजारचे गुरुसिद्धप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपला ढीग आठवड्यापूर्वीच पेटवला होता.

"महादेवप्पा, माज्या ढिगाखाली बी व्हते आसतील का गा?"

दोघांच्या चाळीस वर्षांच्या बांधाच्या भांडणात टोमणा मारायची अशी संधी आली नव्हती. पण महादेवप्पांनी ती सोडून दिली.

"तुजी निम्मी बाभळ आजून उभी हाय," ते म्हणाले. "मी येतो तोडायला. ढीग तेवढा ठिवू."

गुरुसिद्धप्पांनी मान डोलावली. मग सिद्धेश्वरीकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, आमच्या रानात किती उरल्यात, मोजायला येशील का?"