मोटारीसाठी दोन घोड्या

अभिमन पाटलाची मोटार फागणे गावात आली त्या दिवसापासून भागाबाई तिला सवत म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी उठला की नवरा आधी तिच्याकडे जायचा, धोतराच्या सोग्याने तिचं तोंड पुसायचा, तिच्या चाकांना पाणी घालायचा. घरात भाकरी थंड होत असायची. बरं, इतके लाड करून ती चालायची का? मनात आलं तर चालायची. नाही आलं तर हँडल मारून मारून नवऱ्याचा दंड सुजायचा आणि गल्लीतली माणसं ढकलायला यायची. मात्र तिला बैल जुंपायची गोष्ट कोणी काढली की अभिमन पाटील भडकायचा. "मनी मोटारले जनावर लागाव नही," असं त्याने चावडीवर चारचौघांत सांगून टाकलं होतं.

एवढ्यावर थांबला असता तर तो अभिमन पाटील कसला? लेक इंदिरा माघात धुळ्याला दिली होती, भाईदास पाटलांच्या घरी. भाईदास पाटलांची धुळ्यात लाकडाची वखार. पोरीची लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर मायला घास गोड लागत नाही आणि निंबाला बांधलेला झोका ओका दिसतो. लेकीला आणायला कोणीतरी जावं लागतं, रीतच आहे. लग्नाच्या पंगतीत अभिमन पाटलाने मिशीवर हात फिरवत व्याह्यांना शब्द दिला होता, "आखाजीले पोरले लेवाले मोटार लई येसू. बैल नही, घोडं नही."

आखाजी तोंडावर आली आणि सवतीच्या पोटात खडखड सुरू झाली. उभी असेल तिथे काळं तेल गळायला लागलं. अभिमन पाटील अंगणात ओणवा होऊन, मान तिरपी करून बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला की काही नाही, खालचा एक नट सुटलाय, खाली शिरून पान्ह्याने आवळला की काम झालं. धुळ्याचा मिस्त्री बोलवावा असं शेजारचा भिकन म्हणाला, पण मिस्त्री आला की सगळ्या पंचक्रोशीत बोभाटा होणार. मग भिकनच म्हणाला, "नाना, उचली लेऊत. इटा लावूत खाले."

पडक्या गोठ्याच्या विटा होत्याच. बाभळीचा वासा घालून, पाचसहा जणांनी हय्या करून मोटारीचं पुढलं अंग उचललं आणि खाली विटांचे दोन ढीग रचले. भागाबाई सांजोऱ्या लाटत होती. गलका ऐकून ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, तर नवरा पागोटं काढून ओट्यावर ठेवत होता आणि सदऱ्याच्या बाह्या सारत होता. 

"थांबा," ती म्हणाली, आणि घरात जाऊन चांगलं मोठं डांगर, लाल भोपळाच, घेऊन आली. खाली वाकून तिने ते भाजीचं डांगर मोटारीखाली, नवऱ्याचं डोकं जिथे आलं असतं नेमकं तिथे, सरकवून दिलं. "पह्यले हाई जाई. मंग तुम्ही."

माणसं फिसकन हसली. अभिमन पाटलाचे कान तापले. "तुले मोटारनं काय समजस?"

"मोटारनं नही समजस. वजननं समजस. जलमभर डोकावर हंडा लई चालनू मी."

"दख, कशी घट्ट शे ती!" असं म्हणून भिकनने मोटारीच्या कडेला एक दणका दिला. दणका तसा प्रेमाचाच होता. पण वरच्या विटेला तेवढाही सोसला नाही. तिचा भुगा झाला, ढीग कलला आणि मोटार धप्पकन खाली बसली. डांगराच्या बिया थेट अभिमन पाटलाच्या पायांपर्यंत उडाल्या.

कोणी हसलं नाही. भिकनने डोळे मिटून घेतले होते. अभिमन पाटील ओट्यावर बसला, पाणी मागितलं, सगळं प्यायला, आणि म्हणाला, "इटा कच्च्या व्हत्यात." पुरुषाच्या जातीला एवढंही कबूल करायला पाणी प्यावं लागतं! त्या दिवशी जेवणात डांगराचीच भाजी होती. अभिमन पाटलाने ती मुकाट्याने खाल्ली आणि वर मागूनही घेतली.

दुसऱ्या दिवशी तो कुणा ओळखीच्या माणसाच्या कापसाच्या जिनातून लोखंडी जॅक घेऊन आला. बुटका, जाडजूड, पोटात मळसूत्र असलेला. दांडी घालून फिरवला की गुमान वर चढणारा. काळ्या मातीत रुतू नये म्हणून अभिमन पाटलाने खाली जाड फळी टाकली, एवढं शहाणपण डांगराने शिकवलं होतं. दांडी फिरू लागली आणि एकट्या माणसाच्या हातांनी मोटारीचं चाक जमिनीवरून सुटलं. अभिमन पाटलाचा चेहरा असा खुलला, जणू मोटार त्यानेच बनवली.

भागाबाई आली. तिने मोटारीला एक हात लावला, नुसता टेकवला. मोटार जॅकवर डुलली.

"हाऊ उचलस," ती जॅककडे बघत म्हणाली. "पन धरस कोन?"

अभिमन पाटील चिडला. पण मोटार डुलताना त्यानेही पाहिली होती. तो ओट्यावर बसून विचार करू लागला, आणि एकदम मांडीवर थाप मारून उठला. व्याह्यांच्या वखारीत करवत ओढणारी माणसं अख्खा ओंडका कशावर ठेवतात? घोडीवर! सागाची चार पायांची भक्कम चौकट, तिच्यावर दोन माणसं चढून करवत ओढतात तरी तसूभर हलत नाही. जॅकने उचलायचं, दोन्ही बाजूंनी दोन घोड्या सारायच्या, आणि मग मोटारीखाली खुशाल झोपावं.

"त्या आना," भागाबाई म्हणाली. "मंग जा."

इतक्यात रस्त्याने रुपचंदशेठ टांग्यातून चालला होता. गावात त्याचं कापडाचं दुकान, मूळचा राजस्थानचा, माणूस मोठा परोपकारी. माल आणायला तो धुळ्याला निघाला होता. अभिमन पाटलाने त्याचा टांगा थांबवला.

"शेठ, मना याहीले सांगा, मोटारसाठे दोन घोड्या धाडा. जोड एकसारखा उंचीना जोयजे. चारी पाय दखी ल्या म्हना, लंगडी नको. आनि वजन उनं का जागावरथीन हालाले नको."

रुपचंदशेठने एक चाक हवेत असलेल्या मोटारीकडे पाहिलं, खालच्या तेलाकडे पाहिलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. "लंगडी कशाला पाठवतील, नाना? व्याह्यांना तुमचा मान आहे. मी स्वतः सांगतो," असं म्हणून तो गेला.

आता ज्याच्या घरात घोडी म्हणजे नवरदेव बसतो ती, त्याला लाकडाची घोडी कशी सुचावी? आणि अभिमन पाटलाला तरी कसं सुचावं, की लाकडाची म्हणून सांगायला हवं?

आखाजीच्या आदल्या दिवशी उन्हं चढल्यावर गल्लीत घुंगरं वाजली. भागाबाई दारात आली. तोताराम टांगेवाला दोन पांढऱ्याशुभ्र घोड्या हातात धरून उभा होता. कपाळावर लाल गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर साज.

"नाना, तुमना याहीनी धाड्यात," तोताराम अभिमानाने म्हणाला. "एक उंचीन्या शेत. गरीब शेत, लाथ मारतस नही. पाय दखी ल्या."

अभिमन पाटलाने पाय पाहिले. आठही पाहिले. दुसरीकडे कुठे पाहायची त्याची छातीच नव्हती, कारण गल्ली भरून गेली होती आणि भिकन तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून भिंतीला टेकला होता.

"अरे, मी लाकूडन्या मांग्यात!"

"लाकूडनी घोडी मोटार कशी वढी?" तोताराम चकित झाला. "शेठनी सांगं, मोटार बंद पडनी, वढाले घोड्या जोयजेत. याही बोलनात, काही लाजानं काम नही, पोरले लेवाले मोटारच येवाले जोयजे, शब्द शे नानाना. आनि इंदिराबाई तं दुवारवर बठेल शे, सकायथीन."

शेवटचं वाक्य भागाबाईच्या काळजाला जाऊन लागलं. तिला दारात बसलेली पोर दिसली, आणि तिला रडूच आलं. इकडे नवरा घोड्या परत न्यायला सांगत होता. मोटारीला जनावर लागणार नाही, लागणार नाही, लागणार नाही.

"तुमन्या लाकूडन्या घोड्या कोठे शेत?" तिने विचारलं.

"धुळाले."

"मोटार कोठे शे?"

"आठे."

"मंग मोटारच तठे ली चला ना! काब्रं भांडतस?" ती पदर खोचून म्हणाली. "माले मनी पोर जोयजे."

अभिमन पाटील स्वतःच जॅककडे वळला. जॅक उतरवला, मोटारीत टाकला. पुढच्या दांडीला दोर बांधून घोड्या जुंपल्या. अभिमन पाटील चाक धरून बसला, कारण वळवायला तरी कोणीतरी हवंच होतं. आणि आजवर जिने त्या मोटारीत पाऊल टाकलं नव्हतं ती भागाबाई सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली. मोटार सुरेख चालली. ना धूर, ना खडखड. वाटेत भेटणारी माणसं बैलगाड्या थांबवून बघत होती. एका वळणावर अभिमन पाटलाने सवयीने भोंगा वाजवला, तेव्हा घोड्या जेवढ्या दचकल्या त्यापेक्षा तोच जास्त दचकला.

"आते कशी चांगली चालस तुमनी सवत," भागाबाई म्हणाली.

"मनी नही, तुनी," तो म्हणाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

धुळ्याला वखारीच्या दारात इंदिरा ट्रंकेवर बसली होती. घोड्यांबद्दल काय सांगायचं ते अभिमन पाटलाने वाटेत घोकून ठेवलं होतं. पण पोरीने घोड्या पाहिल्याच नाहीत. मोटारही पाहिली नाही. "माय व!" म्हणत ती धावली आणि भागाबाईच्या गळ्यात पडली, डब्यासकट. सासरच्या बायका रोज विचारत होत्या, मोटार कधी येणार म्हणून. तिला तर आईबाप येतात की नाही याचीच धास्ती होती. अभिमन पाटलाने ते ऐकलं. आपल्या शब्दापायी पोरीला चार दिवस घोर लावला, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

भाईदास पाटील हात जोडून पुढे आले. "याही, शेठनी सांगं तश्याच धाड्यात. चारी पाय सारखा शेत ना?"

अभिमन पाटलाने बोट दाखवलं. समोर ओंडक्याखाली सागाच्या दोन घोड्या उभ्या होत्या. भाईदास पाटलांना समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ते ओंडक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी करवतीची माणसं बोलावली. वखारीची जमीन ठोकून पक्की केलेली. मागच्या चाकांना लाकडी पाचरी मारल्या, जॅकने मोटार उचलली, दोन्ही बाजूंनी घोड्या सारल्या आणि जॅक ढिला केला. सगळं वजन घोड्यांवर बसलं. भागाबाईने पदर खोचून मोटारीला दोन्ही हातांनी धक्का दिला. मग खांद्याने दिला. मोटार हलली नाही.

अभिमन पाटलाने पागोटं काढून लेकीच्या हातात दिलं. खाली बसला, पण आत सरकला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं.

"जाऊ का?"

इतक्या वर्षांत कुठे जाताना त्याने तिला विचारलं नव्हतं. व्याही ऐकत होते, वखारीतली माणसं ऐकत होती. भागाबाईने मोटारीला आणखी एक धक्का देऊन पाहिला.

"जा," ती शेवटी म्हणाली. "पन पाय भायेर ऱ्हाऊ द्या. माले दिसतीन असा."

तो आत सरकला. आतून खुडबूड ऐकू येऊ लागली, मग हाक आली, "पान्हा दे व!" पान्हा भागाबाईच्या अगदी जवळ पडला होता. तो इंदिरानेच वाकून दिला. मायचे दोन्ही हात गुंतले होते. तिने नवऱ्याचे घोटे घट्ट धरून ठेवले होते.