सत्तेचाळिसावा एपिसोड

तिनं पडद्यावरची पट्टी आणखी केसभर उजवीकडे सरकवली, हेडफोन कानांवर दाबला आणि तोच तुकडा पुन्हा ऐकला. मागची गुणगुण चौऱ्याऐंशीवरून नव्वदवर आली होती. अजून दहा हवे होते.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, वही आणि साय धरलेला चहा. आतल्या खोलीत बाबा इस्त्री करत होते. पाच महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यापासून घरातली इस्त्री त्यांनी आपल्याकडे घेतली होती आणि रुमालाची घडीसुद्धा ते नकाशा मोजावा तशी घालत.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती जाहिरात कंपनीत लागली, त्याला चार महिने झाले होते. तिथं तिचं नाव पडलं होतं 'प्रयोगशाळा'. साहेबांनी दिलेलं काम तसं साधं होतं: मार्केटिंगच्या माणसांनी ऐकावेत असे दहा पॉडकास्ट निवडायचे, प्रत्येकाचा एक एपिसोड सुचवायचा आणि त्यातून काय शिकायचं ते एका ओळीत लिहायचं. यादी आज सहा वाजता ऑफिसातल्या दोनशे जणांना जाणार होती. पण साधं काम साधेपणानं उरकणं तिच्या स्वभावात नव्हतं. आठवडाभर दीडपट वेगानं तिनं एकतीस पॉडकास्ट ऐकले होते आणि तक्ता केला होता. त्यात 'पुरावा' असा एक रकाना होता आणि तो बहुतेक ठिकाणी कोराच राहिला होता. निम्मे एपिसोड म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले दोन पुरुष एकमेकांच्या विनोदांना हसताहेत, एवढंच.

एका कार्यक्रमाचा सत्तेचाळिसावा एपिसोड मात्र तिनं तीनदा ऐकला. त्यात पाहुणे खुद्द साहेब होते. प्रवासी बॅगांची त्यांची जाहिरात गाजली होती. 'निघायचं असेल तेव्हा', एवढीच ओळ. ती ओळ कशी सुचली हे सांगताना त्यांनी एका बाईंच्या मुलाखतीचा तुकडा वाजवला होता. कंपनीची माणसं बॅग घेतलेल्यांच्या घरी जाऊन तासतासभर बोलून आली होती, त्यातलीच ही एक. ओळखू येऊ नये म्हणून बाईंचा आवाज जाड केलेला होता.

"इतकं नेमकं कोणी बोलतं का? मला ती नटी वाटते," दुपारी तिनं कॉपीरायटरला फोनवर म्हटलं होतं.

"नटी असो नाही तर साहेबांची सासू असो, तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "पहिल्या नंबरावर टाक आणि मोकळी हो."

"पुराव्याच्या रकान्यात काय लिहू?"

"लिही, साहेब म्हणाले."

तिनं ते लिहिलं नाही. तुकड्यात मागे कुठेतरी बारीक गुणगुण होती. विजेवर चालणारा फ्रीज सेकंदाला शंभर कंपनांनी गुणगुणतो, हे तिला पाठ होतं. इथं ती गुणगुण चौऱ्याऐंशीवर होती. म्हणजे बाईंच्या आवाजाबरोबर अख्खं स्वयंपाकघरच खाली ओढलं गेलं होतं. स्टुडिओतल्या नटीच्या मागे फ्रीज कुठून येणार? मुलाखत खरी होती. इथंच थांबायला हरकत नव्हती. पण गुणगुण शंभरावर आणली की आवाजही आपोआप मूळ जागी येईल, हे लक्षात आल्यावर तिला राहवेना.

पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. शंभर.

"जायचं कुठेच नसतं हो," आई म्हणाली.

तिनं मान वळवली. मागे कोणी नव्हतं. आवाज कानांतच होता.

"दोन जोड कपडे, माझे दाखले, जुना चष्मा, एक टॉवेल. बॅग कपाटाच्या खालच्या खणात असते. भरलेली आहे हे माहीत असलं की मला झोप लागते. उघडून बघतसुद्धा नाही."

"घरी माहीत आहे?" मुलाखत घेणारीनं विचारलं.

"छे. घरी त्रास काही नाही. नवरा चांगला आहे. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. मारत असता तर सांगितलं असतं."

वाक्य संपता संपता मागचा फ्रीज तीनदा थरथरून थांबला. तसा थांबणारा फ्रीज तिच्या पाठीशी चार हातांवर उभा होता.

तिनं तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. चोवीस वर्षं ती या घरात राहत होती. त्या खणातून तिनं कितीदा चादरी काढल्या असतील.

आई शेंगांची परडी घेऊन समोर येऊन बसली. शाळेच्या ग्रंथालयातून आली की ती आधी उद्याची भाजी निवडायला घेई.

"काय गं, पेपर फुटल्यासारखा चेहरा करून काय ऐकतेस?"

तिनं हेडफोन काढून आईच्या कानांवर ठेवला आणि तुकडा लावला. आई ऐकत राहिली. बोटं शेंगांच्या शिरा काढतच होती. संपल्यावर तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आवाज बदलू म्हणाल्या होत्या," आई हळूच म्हणाली. "विसरल्या वाटतं."

"बदलला होता. मी परत आणला."

"रात्र रात्र जागून शिकलीस ते यासाठी होय?"

"आई, हे खरं आहे?"

"टॉवेल काढला मध्यंतरी. बाकी खरं आहे."

आतल्या खोलीत इस्त्री फुस्स करून थांबली. तिनं आवाज आणखी खाली आणला. "बाबांनी काय केलं?"

"काही नाही. ते काय करणार?"

"मग कधीपासून?"

आईनं शेंग मोडली. "ही तिसरी बॅग. पहिली कापडी होती. तिच्यात तुझे दोन फ्रॉक असायचे. मग मापं बदलायची, मी बदलत राहायची. तू बारावी झालीस तेव्हा तुझे कपडे काढले."

ती आईकडे बघत राहिली. त्या बॅगेत आपल्यालाही जागा होती, आणि एका दिवशी ती काढून घेतली गेली. यातली कुठली गोष्ट जास्त लागली हे तिला सांगता आलं नसतं.

"मी हा एपिसोड यादीतून काढते. दोनशे जण ऐकतील."

"ऐकू देत की. ओळखणार कोण? पोटच्या पोरीला मशीन लावावं लागलं." आईनं परडी जवळ ओढली. "फक्त ह्यांच्या कानावर जायला नको. वाईट वाटेल त्यांना. आणि ह्यांना वाईट वाटलं की बोलत नाहीत, मग आपण दोघी घरभर चवड्यांवर चालत बसू. एवढं कर माझ्यासाठी."

"करते."

"कसली खलबतं चालली आहेत मायलेकींची?" दोन्ही हातांवर कपड्यांची चळत घेऊन बाबा दारात उभे होते.

"काही नाही बाबा, ऑफिसचं," असं म्हणत तिनं लॅपटॉप घाईनं आपल्याकडे ओढला. हेडफोनची वायर परडीत अडकली होती. ती ताणली गेली, पिन सटकली, आणि तिचं बोट जिथं नको तिथं पडलं.

"घरी त्रास काही नाही," लॅपटॉप खणखणीत आवाजात म्हणाला. "नवरा चांगला आहे. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. मारत असता तर..."

तिनं झाकण आपटलं.

आईचा चेहरा पांढरा पडला होता. सांगण्याजोगं सगळं आधीच सांगून झालं होतं.

बाबांनी चळत खुर्चीवर ठेवली. वरचे दोन कुडते उचलून बाजूला केले, त्यांच्या कडा जुळवल्या. तळहातानं एक सुरकुती दाबली, ती गेली नाही, म्हणून पुन्हा दाबली.

"चष्मा बदललाय मी त्यातला," ते कुडत्याकडे बघतच म्हणाले.

"कशातला?" आईनं विचारलं.

"खालच्या खणातल्या बॅगेतला. मागच्या वर्षी तुझा नंबर वाढला ना. जुन्या चष्म्यानं बसवरची पाटी दिसली नसती तुला."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. टेबलावर फोन थरथरू लागला. कॉपीरायटरचा होता, सहा वाजत आले होते. कोणी तो उचलला नाही. थरथरत थरथरत तो परडीला जाऊन टेकला आणि थांबला.

"अहो," आई म्हणाली, "तुम्हाला कधीपासून..."

"कापडी होती ना, तिची चेन अडकायची," बाबा म्हणाले. "घाईत अडकली असती. बाहेरून नवी बसवून आणली होती मी." ते थांबले. "फ्रॉक होते तेव्हा त्यात."

मग त्यांनी आईसमोरची खुर्ची ओढली, बसले आणि परडीतली एक शेंग उचलली. शिरा काढायचं त्यांना कधीच जमलं नव्हतं. अर्धी शेंगच तुटून हातात आली. ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरी घेतली.