बेताचा वारा

महानंदा खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या रिकाम्या बैलगाडीत चढली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "ऐका हं आता!"

ऐकायला तिघंच होती. ईरप्पामामा उपणायच्या तिपायी वावडीवर उभे राहून पाटीतली ज्वारी वाऱ्यावर सोडत होते. दाणे सरसर खाली पडत, भुसकट पलीकडे उडून जाई. शिवबाईमामी राशीच्या कडेनं झाडणी फिरवत होती. आणि धनगरवाड्यावरची म्हातारी मायाक्का पाट्या भरून वर देत होती.

पण तिघं तर तिघं! सोलापूरच्या भवानी पेठेतून शिमग्याच्या सुट्टीत वळसंगला आलेल्या महानंदाला आता श्रोत्यांची संख्या मोजायची गरज वाटत नव्हती. शाळेत बाईंनी एका इंग्रजी कवितेचं मराठी करायला सांगितलं होतं. डोंगर, वादळ आणि त्यांच्यापुढे माणूस म्हणजे कोण, असली कविता. वर्गातल्या बाकीच्या मुली अजून डिक्शनरी चाळत होत्या आणि हिचं चार दिवसांत झालंसुद्धा, तेही मात्रांत बसवून. तिनं आवाज चढवला.

"उंच उंच देवदारांवर वारा पडला, वारा पडला!
माणसाचा गर्व सारा एका खडकामागे दडला!"

आणि वारा पडला.

खरोखरच पडला. मामांच्या पाटीतून सुटलेलं भुसकट जराही न हलता दाण्यांवरच येऊन बसलं. मामांनी हात आवरला. बाभळीचं एक पान हलेना. मामीची झाडणी थांबली.

"काय म्हनलीस गं?" मायाक्का हळूच म्हणाली.

"कविता म्हटली."

"त्यात काय पडलं म्हनलीस?"

महानंदाच्या ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली. इंग्रजीत तो वारा झाडांवर तुटून पडत होता. 'तुटून' घेतलं की मात्रा वाढत होत्या, म्हणून तिनं तो शब्द गाळला होता. शब्द एकच गेला, पण त्याच्यासोबत वाराही गेला!

"अगं, खळ्यावर तसं म्हनत न्हाईत," मामी म्हणाली. "तसं झालं तरी म्हनत न्हाईत. वारा पानी प्यायला गेलाय म्हनायचं."

"मामी, वारा काय माझं ऐकतो होय? माणसाचं तो ऐकतच नाही, तेच तर कवितेत आहे."

"मग तू कशाला त्याला सांगतीस?"

महानंदानं खोचलेला पदर पुन्हा खोचला.

मामा वावडीवरून उतरले. अक्कलकोटच्या बाजूला बघत राहिले. तिकडून ढग येत होता, काळा, खालच्या अंगाला पांढुरका. असला ढग गारा आणतो हे महानंदालाही ठाऊक होतं. खळ्यावर निम्मी ज्वारी अजून भुसकटात होती. ती तशीच भिजली तर काळी पडणार, आणि या घरात वर्षभर त्याच ज्वारीची भाकरी व्हायची होती.

ती गाडीतून उतरली. चूक आपली नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिघांच्या नजरेला नजर द्यायला नको वाटत होतं.

"मायाक्का, मी दुरुस्त करून म्हणू का? तुटून पडला, असं?"

"तुटून?" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आगं, रास जाईल की उधळून! दानं गोळा करायला सोलापूरला यावं लागंल आमाला!"

मामीला हसू फुटलं. मामांच्याही मिशा हलल्या.

"मग मुळातली इंग्रजीच म्हणते."

"म्हन की. कलेक्टर सायबाचा वारा यील, वर्दी लावून."

"मग कसला वारा पाहिजे तुम्हाला?" महानंदा चिडून म्हणाली.

"बेताचा," मायाक्का म्हणाली. "भुसकट न्यावं आन् दाना ठिवावा, यवढाच."

बेताचा! महानंदानं सगळी कविता मनात उलटीपालटी केली. नऊ कडव्यांत वादळ होतं, झंझावात होता, कडे कोसळत होते. बेताचा वारा त्या कवीनं एकदाही मागितला नव्हता. मागून करणार काय? त्याला कुठं काही उपणायचं होतं?

"मग त्याला बोलवायचं कसं?"

"बोलवायचं न्हाई. पावना हाय त्यो. दारात उभं ऱ्हाऊन हाका मारल्या तर येनारा बी माघारी जाईल. गप बस हितं."

ती बसली. गप्प बसणं हा काही तिचा विषय नव्हता. सुरुवातीला पायाच्या बोटांनी माती उकरून झाली. मग हळूहळू एकेक गोष्ट ऐकू येऊ लागली: बैलांचं रवंथ, मामांचा श्वास, लांब कुठंतरी मोटेचं करकरणं. कानामागून घामाचा एक ओघळ निघाला आणि मानेवर येऊन थांबला. ढग सरकत होता. तिच्याजवळ त्याला थांबवण्याचा एकही शब्द नव्हता, आणि नवल म्हणजे तिनं तो शोधलाही नाही.

बऱ्याच वेळानं मानेवरचा तो ओघळ गार लागला.

महानंदा ओरडली नाही. उठली, पाटी भरली आणि मामांच्या पुढ्यात धरली. मामांनी तिच्याकडं पाहिलं, मग बाभळीकडं. शेंड्याची चार पानं हलत होती.

"गाळी बंतु," वारा आला, एवढंच ते कानडीत पुटपुटले आणि वावडीवर चढले.

मग कुणाला बोलायला सवड राहिली नाही. मायाक्का भरत होती, महानंदा देत होती, मामा सोडत होते. दाण्यांचा पांढरा ढीग वाढत चालला. ढगात एकदा गुरगुरलं. विसाव्या की पंचविसाव्या पाटीला मामांनी खांदा धरला. पाटी पुन्हा उचलायला गेले, तर हात वर जाईना. ते खाली उतरले.

वावडीवर बायका चढत नसत. मामी राशीकडं बघत राहिली. मायाक्का ढगाकडं. मामांनी वाकून वावडीचा हललेला पाय मातीत घट्ट रोवला आणि महानंदाकडं न बघताच म्हणाले,

"चढ."

वर वारा वेगळाच होता. खाली तो नुसता अंगाला लागत होता, इथं तो हातातली पाटी तोलून बघत होता. जास्त ओतलं की भुसकट दाण्यांतच राही. कमी ओतलं तर ढग थांबणार नव्हता. चार पाट्या चुकल्या. पाचवीला मनगट आपोआप वळलं, वारा जेवढं नेत होता तेवढंच तिनं सोडलं. तो मंदावला की तीही थबके.

घोंगड्या घेऊन मामी झाकायला आली, तेव्हा तीनच पाट्या उरल्या होत्या. गारांचा आवाज पलीकडच्या शिवारातून येत होता.

"म्हन की आता काय म्हनायचं ते!" मायाक्का खालून ओरडली. "आता काय बी म्हन! ऐकतोय त्यो!"

महानंदाच्या केसांत, पापण्यांवर, ओठांवर भुसकट होतं. तिनं तोंड उघडलं, थू थू करून बाहेर टाकलं आणि हात खाली केला.

"पाटी दे," ती म्हणाली.